न लिहिलेल्या मेमरीचा हवाला

यंत्राच्या अगदी निकट राहून ज्या भाषांत प्रोग्रॅम लिहावे लागतात, त्या सी, सी++ आणि अलीकडची रस्ट या भाषांत काम करणाऱ्या मंडळींना मेमरीविषयक दोषांचे नानाविध प्रकार परिचित असतात. परंतु बफरची सीमा ओलांडणे किंवा परत केलेली जागा पुन्हा वापरणे या दोषांविषयी जितकी सावधगिरी आज सर्वत्र दिसते, तितकी ज्या जागेत अद्याप काहीच लिहिले गेलेले नाही ती जागा वाचण्याच्या दोषाविषयी दिसत नाही. पहिल्या दोन प्रकारांत प्रोग्रॅम बहुधा आज ना उद्या कोसळतो आणि त्यायोगे आपल्या दोषाची वर्दी देतो. तिसऱ्या प्रकारात मात्र तो बिनदिक्कत चालत राहतो, मागितलेले उत्तर देतो, आणि पुष्कळ वेळा ते उत्तर बरोबरही असते. मीटर, नियंत्रक, नोंदयंत्रे अशा उपकरणांचे प्रोग्रॅम तपासण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला, आणि त्या काळात सर्वांत अधिक श्रम ज्याने घेतले तो दोष हाच होय. त्याच्या तपासात जे हाती लागले ते या कामात नव्याने येणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

आमच्या पिढीने सी शिकली ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर आणि बहुतांशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाच्या आधाराने. लोकल व्हेरिएबलला किंमत दिली नाही तर त्यात ‘गार्बेज व्हॅल्यू’ असते, हे सूत्र वर्गात पाठ करून आम्ही परीक्षेत गुण मिळवीत असू. परीक्षेपुरते ते ठीकच होते. परंतु त्या सूत्रातून असा एक समज मनात नकळत मूळ धरतो की, त्या जागेत किंमत आहे खरी, फक्त ती कोणती हे आपणास ठाऊक नाही. आणि ठाऊक नसली तरी एकदा वाचली की ती एक ठाम संख्या ठरेल, तिची तुलना करता येईल, वाईटात वाईट म्हणजे उत्तर थोडे चुकेल. हा समज खोटा आहे. न लिहिलेली मेमरी ही अज्ञात किंमत नव्हे. ती नुसती जागा आहे, किंमत तेथे अजून जन्मालाच आलेली नाही. जागा आणि किंमत यांतील हा भेद ज्याला पटला त्याला पुढील सर्व नियम आपोआप सुचतील, आणि ज्याला पटला नाही त्याच्या हातून नियम पाठ असूनही कसूर होत राहील.

पुण्याच्या परिसरातील एका कारखान्याने विजेच्या मीटरांची वाचने गोळा करून ती मध्यवर्ती ठिकाणी पाठविणारे एक उपकरण तयार केले होते. आत लिनक्स होते, प्रोग्रॅम सीमध्ये लिहिलेला होता, आणि आरएस-४८५ च्या एकाच तारेवर जोडलेल्या अनेक मीटरांना आळीपाळीने प्रश्न विचारून तो प्रत्येकाची नोंद तयार करी. अशा नोंदींचा गठ्ठा काही तासांनी एकदा पुढे रवाना होई आणि मग त्यांची जागा मोकळी केली जाई. कारखान्यातील चाचणीत उपकरण निर्दोष ठरले. प्रत्यक्ष बसविल्यावर मात्र, पहिली रवानगी होऊन गेली की, एखाद्या लहानशा दुकानाच्या सिंगल फेज मीटरच्या नावावर पिठाच्या गिरणीला शोभेल एवढा विद्युत्प्रवाह नोंदला जाऊ लागला. उपकरण बंद करून पुन्हा चालू केले की तक्रार नाहीशी होई आणि पुढे केव्हातरी भलत्याच मीटरच्या नावावर ती पुन्हा उद्भवे. मीटर बदलून झाले, तारा बदलून झाल्या, पुरवठ्यातील चढउतारांवर ठपका ठेवून झाला. आणि हे सर्व उपाय थकल्यावर प्रोग्रॅमचे दप्तर माझ्याकडे तपासासाठी आले.

नोंदीसाठी प्रोग्रॅम मॅलॉककडून जागा घेई. तीत आर, वाय आणि बी या तीन फेजांच्या प्रवाहांसाठी तीन रकाने होते. थ्री फेज मीटर असल्यास तिन्ही भरले जात, सिंगल फेज असल्यास केवळ पहिला. परंतु पुढे बेरीज करणारी ओळ मीटरचा प्रकार न पाहता तिन्ही रकाने मिळवीत असे. मॅलॉक जागा देतो, ती पुसून देत नाही, हे प्रत्येकाने पुस्तकात वाचलेले असते. मग चाचणीत हा दोष का दिसला नाही? याचे उत्तर लिनक्सच्या कारभारात आहे. एका प्रोसेसची गुपिते दुसरीच्या हाती पडू नयेत म्हणून कर्नल कोणत्याही प्रोसेसला मेमरीची नवी पाने शून्यांनी भरूनच देते, आणि म्हणून नुकत्याच सुरू झालेल्या प्रोग्रॅमला मॅलॉककडून मिळणारी जागा बहुधा कोरी असते. पण फ्री केलेला तुकडा कर्नलकडे लगेच परत जात नाही. ग्लिबसी ही सीची मूळ लायब्ररी तो आपल्यापाशी राखून ठेवते आणि त्याच आकाराची मागणी आली की पुन्हा देऊन टाकते. त्याच्या आरंभीच्या काही बाइटांवर ग्लिबसीच्या स्वतःच्या हिशेबाची नोंद चढते, बाकीचा जुना मजकूर जसाच्या तसा राहतो. शिवाय तुकडे ज्या क्रमाने परत आले त्याच क्रमाने ते पुन्हा दिले जातील असे नाही. म्हणून नुकसान सोसणारा मीटर दर वेळी निराळा. चाचणी पहिल्या रवानगीपूर्वीच आटोपत असल्यामुळे जुना तुकडा पुन्हा हाती येण्याची वेळच तीत कधी आली नव्हती. ताब्यात आलेल्या शेतात मागील कुळाचे पीक उभे दिसले म्हणून ते आपण पेरलेले ठरत नाही. येथे मात्र गिरणीचे दोन फेज दुकानदाराच्या खाती बिनबोभाट जमा होत होते.

दोष दिसताच तेथील एका तरुण अभियंत्याने मॅलॉकच्या जागी कॅलॉक घातला, म्हणजे जागा शून्यांनी भरून मिळू लागली, आणि दुकानदारांच्या तक्रारी थांबल्या. बहुतेक ठिकाणी तपास येथेच संपतो. परंतु थोड्याच अवधीत असे आढळले की, थ्री फेज मीटरने पहिल्या फेजचे उत्तर देऊन पुढील दोन प्रश्नांना मौन पत्करले, तर त्या दोन रकान्यांत आता शून्य राहू लागले होते. आणि शून्य अँपियर हे विजेच्या व्यवहारात पूर्णतः वैध वाचन असल्यामुळे, बंद ठेवलेला पंप आणि न मिळालेले उत्तर यांत नोंदीपुरता काहीच भेद उरला नव्हता. पूर्वीची चूक निदान वेडीवाकडी दिसून लक्ष वेधीत असे. कॅलॉकने तिला सभ्य रूप दिले. शून्य भरल्याने जुना मजकूर बाहेर फुटण्याचे थांबते, आणि तो लाभ मोठा आहे. परंतु न मिळालेली माहिती त्यामुळे मिळालेली होत नाही. अखेरची दुरुस्ती निराळी होती: कोणते रकाने प्रत्यक्ष भरले गेले याची खूण नोंदीतच ठेवली, नोंद निर्माण करण्याचा अधिकार एकाच फंक्शनकडे दिला, आणि ते फंक्शन एक तर पूर्ण नोंद परत देईल किंवा त्रुटीचा क्रमांक, अर्धवट नोंद कधीही देणार नाही, असा शिरस्ता घातला.

त्याच दप्तरात आणखी एक स्थळ सापडले, आणि ‘गार्बेज व्हॅल्यू’ या कल्पनेचा पोकळपणा त्याने अधिक स्पष्टपणे दाखविला. मीटरकडून आलेली फ्रेम शाबूत आहे की नाही हे सीआरसीवरून तपासणाऱ्या फंक्शनात एक पूर्णांक व्हेरिएबल आरंभीची किंमत न देता जाहीर केला होता; सीआरसी जुळल्यास त्यात एक लिहिले जाई, न जुळल्यास काहीच लिहिले जात नसे, आणि शेवटी त्या व्हेरिएबलकडे पाहून फ्रेम स्वीकारावयाची की नाही ते ठरे. ऑप्टिमायझेशन न करता बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये स्टॅकवरील त्या जागी योगायोगाने शून्य असे, आणि खराब फ्रेम नाकारल्या जात. ओ-२ लावून बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र प्रत्येक फ्रेम स्वीकारली जाऊ लागली. कंपायलरने बनविलेला यंत्रसंकेत उघडून पाहिला तर शेवटची तपासणी त्यातून नाहीशीच झालेली होती. कंपायलरचा विचार असा: या व्हेरिएबलला किंमत देणारी ओळ एकच आहे आणि ती एक ही किंमत देते; दुसऱ्या वाटेवर तो लिहिलाच जात नाही, आणि न लिहिलेले वाचण्याचा अधिकार प्रोग्रॅमला भाषेनेच दिलेला नाही; अर्थात जेथे वाचन वैध आहे तेथे किंमत एकच असणार, सबब तपासणी अनावश्यक. यात लबाडी नाही, तर्क आहे. आणि त्या तर्कापुढे ‘तेथे काहीतरी संख्या असेलच’ ही आपली भाबडी अपेक्षा टिकत नाही.

सी भाषेच्या मानकात ही गोष्ट आडवळणाने का होईना, नोंदली आहे. ज्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता कोठेही घेतलेला नाही, असा व्हेरिएबल किंमत न देता वाचल्यास वर्तन अनिर्बंध ठरते, हे कलम २०११ च्या मानकात स्पष्टपणे आले. आणि ते येण्यामागे इटॅनियम प्रोसेसरचे एक वैशिष्ट्य होते. त्याच्या प्रत्येक सर्वसाधारण रजिस्टराला ‘येथे काही नाही’ असे सांगणारा एक जादा बिट असे, आणि असे रजिस्टर भलत्या रीतीने वापरल्यास प्रोसेसर स्वतःच हरकत घेई. म्हणजे ‘किंमत नाही’ ही अवस्था केवळ तत्त्वज्ञांची कल्पना नसून सिलिकॉनमध्येही एकदा मूर्त झालेली होती. हीपवरील जागा तरी दोनदा वाचल्यास सारखीच दिसेल, या भरवशावरही विसंबू नये. लिनक्सच्या ४.५ या २०१६ च्या आवृत्तीपासून मॅडव्ह-फ्री नावाची सोय आहे. मेमरी वाटणारी लायब्ररी तिचा उपयोग करून ‘ही पाने मला नकोत, सवडीने काढून घ्या’ असे कर्नलला कळविते, आणि त्या पानांवर पुन्हा काही लिहिले जाईपर्यंत कर्नल ती केव्हाही काढून शून्यांचे पान तेथे ठेवू शकते. अशा जागेतून प्रोग्रॅमने एकदा वाचले आणि क्षणानंतर पुन्हा वाचले, तर मध्ये कोणीही काही न लिहिता दोन वाचने भिन्न येऊ शकतात.

हे दोष आमच्यासारख्या लहान उपकरणांपुरते मर्यादित असते तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. २०१७ साली ख्रिस एव्हान्स या सुरक्षातज्ज्ञाने असे उघडकीस आणले की, इमेजमॅजिक या चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या लायब्ररीत एका जुन्या चित्रप्रकाराचे वाचन करताना चित्रफलकाची जागा घेतली जाई, पण ती पुसली जात नसे. सबब रेखाटनाची एकही आज्ञा नसलेली फाइल दिली की सर्व्हरच्या मेमरीत पडून असलेला जुना मजकूर चित्र म्हणून बाहेर येई, आणि याहूच्या मेलसेवेत ही लायब्ररी वापरात असल्यामुळे परक्या ग्राहकांच्या चित्रांचे अंश मिळविणे शक्य झाले होते. डेबियन या लिनक्सच्या वितरणाची हकीकत याहून बोधप्रद आहे. ओपनएसएसएल या लायब्ररीत यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात इतर सामग्रीबरोबर एका न भरलेल्या बफरमधील बाइटही मिसळले जात असत, आणि वॅलग्राइंड हे मेमरी तपासणारे साधन त्यावर इशारे देई. ते इशारे बंद करण्यासाठी डेबियनच्या आवृत्तीतून २००६ साली दोन ओळी काढण्यात आल्या. त्यांपैकी एक ओळ खरी सामग्री मिसळणारीच होती. परिणामी साठ्यात प्रोसेसच्या क्रमांकाखेरीज काही उरले नाही, आणि एका जातीच्या यंत्रावर एका प्रकारच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८ च होऊ शकत. लुसियानो बेलो यांनी हे शोधून काढले आणि १३ मे २००८ रोजी ते जाहीर झाले, तोवर जगभर असंख्य कमकुवत किल्ल्या तयार होऊन गेल्या होत्या. यातून दोन धडे निघतात: न लिहिलेल्या मेमरीला यादृच्छिकतेचा स्रोत मानणे हे मुळातच गैर, आणि इशारा बंद करणे म्हणजे दोष दूर करणे नव्हे.

आता उपायांकडे वळू. सीमध्ये पहिला नियम असा की, व्हेरिएबल तेव्हाच जाहीर करावा जेव्हा त्याची किंमत हाती असते. ब्लॉकच्या आरंभीच सर्व व्हेरिएबलांची यादी देण्याची सक्ती सी-९९ पासून उरलेली नाही, आणि ती जुनी सवय सोडल्यास या दोषाची अर्धी संधी नाहीशी होते. परंतु याचा विपर्यास करून प्रत्येक व्हेरिएबलाला डोळे मिटून शून्य देण्याचा प्रघात पाडू नये. ज्याची खरी किंमत पुढे ठरावयाची आहे त्याला खोटी किंमत दिली की, एखादी वाट सुटली तर ती सुटल्याची वर्दी देण्याचा कंपायलरचा मार्ग आपण स्वतः बंद करतो, आणि वॅलग्राइंडलाही त्यात काही वावगे दिसत नाही. आरंभीची किंमत द्यावयाची ती अर्थपूर्ण असावी: सीआरसीच्या त्या फंक्शनात ‘फ्रेम अमान्य’ ही आरंभीची अवस्था अर्थपूर्ण होती, कारण तपासणी होईपर्यंत फ्रेम अमान्य असणे हेच योग्य, विद्युत्प्रवाहाचे शून्य अर्थपूर्ण नव्हते.

दुसरा नियम बफरांचा. रीड या सिस्टिम कॉलने जितके बाइट दिल्याचे सांगितले तितकेच आपले. मागितले किती होते या संख्येला त्यानंतर काही किंमत नाही. म्हणून बफरचा पॉइंटर आणि त्यातील भरलेली लांबी या दोहोंची कधी ताटातूट होऊ देऊ नये. दोन्ही एकाच स्ट्रक्टमध्ये ठेवून तो स्ट्रक्टच फिरवावा. तिसरा नियम स्ट्रक्टांमधील रिकाम्या जागांचा. सभासदांची मांडणी सोयीची व्हावी म्हणून कंपायलर त्यांच्या मध्ये काही बाइट सोडतो. सर्व सभासद कसोशीने भरले तरी हे बाइट न भरलेलेच राहतात, आणि आखा स्ट्रक्ट जसाच्या तसा फाइलमध्ये, नेटवर्कवर किंवा कर्नलकडून वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमकडे पाठविला की त्यांतून जुना मजकूर फुटतो. लिनक्स कर्नलमध्ये या एकाच कारणाने झालेल्या दुरुस्त्या विपुल आहेत. बाहेर पाठवावयाची माहिती सभासदागणिक, एकेक बाइट मोजून, वेगळ्या बफरमध्ये लिहावी आणि तो बफर पाठवावा. चौथा नियम असा की, पॉइंटरमार्फत उत्तर देणारे फंक्शन अपयशी ठरले तर उत्तराची जागा वाचावयाची नाही, हा करार हेडर फाइलमध्येच लिहून ठेवावा आणि कॉल करणाऱ्याने तो पाळावा.

रस्टने या प्रश्नाची मांडणीच निराळी केली आहे. तेथेही व्हेरिएबल आधी जाहीर करून मागाहून किंमत देता येते. परंतु वाचनापर्यंत येणाऱ्या प्रत्येक वाटेवर ती दिली गेल्याची खातरजमा कंपायलर स्वतः करतो, आणि एक वाट जरी सुटली तरी ई०३८१ या क्रमांकाची हरकत नोंदवून काम थांबवितो. सीआरसीचे ते फंक्शन रस्टमध्ये लिहिले असते तर ते बांधलेच गेले नसते. म्हणून रस्ट लिहिणाऱ्यास पहिला सल्ला हाच की, अनसेफच्या वाटेस जाण्यापूर्वी खरोखर गरज आहे का ते पाहावे. रिकामा व्हेक घेऊन त्यात पुशने भर घालता येते. ॲरे एकेक घटक मोजून बनवावयाचा असल्यास १.६३ या आवृत्तीपासून फ्रॉम-एफएन हे फंक्शन आहे. ‘अजून किंमत नाही’ ही अवस्था नोंदीत ठेवावयाची असल्यास ऑप्शन आहे. शून्ये भरण्याचा खर्च टाळावा म्हणून अनसेफ लिहिणाऱ्या पुष्कळांनी तो खर्च कधी मोजलेलाच नसतो, असे माझ्या पाहण्यात वारंवार आले.

तरीही गरज पडते: बाहेरची सी लायब्ररी आपल्या बफरमध्ये लिहिणार असते, किंवा मोठा ॲरे टप्प्याटप्प्याने भरावयाचा असतो. अशा कामासाठी रस्टमध्ये आरंभी मेम-अनइनिशियलाइझ्ड नावाचे फंक्शन होते, आणि ते कोणत्याही टाइपाची किंमत शून्यातून निर्माण करून देण्याचे आश्वासन देई. ते आश्वासन पाळता येण्याजोगे नव्हते. बूलला शून्य किंवा एक याखेरीज बिटरचना मान्य नाही, रेफरन्स कधी नल असू शकत नाही, आणि साधा पूर्णांकसुद्धा न लिहिलेल्या बाइटांपासून बनविणे रस्टच्या नियमांत निषिद्ध आहे. म्हणून ४ जुलै २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या १.३६ या आवृत्तीत मेबीअनइनिट हा टाइप आला आणि त्याच वर्षी १.३९ मध्ये जुने फंक्शन कालबाह्य ठरविण्यात आले. मेबीअनइनिटची खुबी अशी की, तो जागा देतो, किंमत देत नाही. जागेची किंमत झाली असे जेव्हा आपण अझ्यूम-इनिट लिहून सांगतो तेव्हाच तो टाइप बदलतो. जागा आणि किंमत यांतील जो भेद सीमध्ये प्रोग्रॅमरने मनात वागवावयाचा असतो, तो येथे टाइपांच्या व्यवस्थेत उतरला आहे. मात्र अझ्यूम-इनिट काहीही तपासत नाही. ती आपण दिलेली ग्वाही आहे, आणि ग्वाही खोटी ठरल्यास त्याचे परिणाम सीमधल्याइतकेच अनिर्बंध.

ही ग्वाही देणाऱ्यांसाठी काही बारकावे सांगतो. अद्याप न भरलेल्या जागी पॉइंटरमार्फत साधी असाइनमेंट करू नये. कारण रस्ट त्या वेळी तेथील जुनी किंमत आधी ड्रॉप करते, आणि जुनी किंमत म्हणून जर न लिहिलेले स्ट्रिंग असेल, तर भलत्याच पत्त्यावरची मेमरी मोकळी करण्याचा प्रयत्न होतो. तेथे राइट वापरावे. ते काहीही न वाचता केवळ लिहिते. न भरलेल्या स्ट्रक्टच्या एखाद्या सभासदाचा रेफरन्स घेणे टाळावे, त्याचा रॉ पॉइंटर घ्यावा, १.८२ पासून त्यासाठी भाषेतच रॉ म्यूट ही रचना आहे आणि त्यापूर्वी १.५१ पासून ॲडर-ऑफ-म्यूट हा मॅक्रो होता. ॲरे भरत असता मध्येच पॅनिक झाल्यास मेबीअनइनिट भरलेले घटकही ड्रॉप करीत नाही. मेमरी गळते, पण अनर्थ होत नाही. ती गळू द्यावयाची नसल्यास किती घटक भरले याचा हिशेब ठेवून तेवढेच ड्रॉप करणारा एक लहानसा गार्ड लिहावा. आणि विथ-कपॅसिटीने व्हेक घेऊन, लगेच सेट-लेनने त्याची लांबी वाढवून, मग तो रीडला देण्याची जी युक्ती सर्रास आढळते ती सर्वथा त्याज्य समजावी: रीड हे ट्रेट कोणीही इम्प्लिमेंट करू शकतो आणि दिलेला बफर लिहिण्यापूर्वी वाचूही शकतो. लांबी लिहिण्याच्या आधी नव्हे, लिहून झाल्यावर वाढवावी. उरलेल्या जागेत लिहिण्यासाठी १.६० पासून स्पेअर-कपॅसिटी-म्यूट ही सोय आहे, आणि क्लिपी हे तपासनीस साधन या गैरप्रकारावर हरकतही घेते.

साधनांविषयी थोडे. जीसीसीला ‘कदाचित किंमत दिलेली नसावी’ हा इशारा ऑप्टिमायझेशन चालू असल्याखेरीज देता येत नाही, म्हणून इशारे पाहण्यासाठी तरी एकदा ओ-२ लावून बांधावे. ॲड्रेससॅनिटायझर चालविला म्हणजे मेमरीची सर्व तपासणी झाली असा गैरसमज पुष्कळांचा असतो. ॲड्रेससॅनिटायझर हा दोष पाहतच नाही. त्यासाठी वॅलग्राइंडचे मेमचेक किंवा क्लँगचा मेमरीसॅनिटायझर हवा. मेमचेकने प्रोग्रॅम वीसतीस पट मंद होतो, पण तो प्रत्येक बिटाची दखल ठेवतो. न लिहिलेला बाइट केवळ एका जागेहून दुसरीकडे नेला तर मेमचेक गप्प राहतो आणि त्यावर एखादा निर्णय अवलंबला की बोलतो, म्हणून ट्रॅक-ओरिजिन्स लावून मूळ स्थळ शोधावे. मेमरीसॅनिटायझरचा खर्च साधारणतः तिप्पट. मात्र प्रोग्रॅमच्या सर्व लायब्रऱ्या त्याच रीतीने बांधाव्या लागतात, अन्यथा तो निर्दोष ओळींवरही आरोप करतो. रस्टच्या अनसेफ भागासाठी मिरी हे साधन आहे. आणि कोणतेही साधन वापरले तरी चाचणी अशी योजावी की घेतलेली मेमरी परत होऊन पुन्हा वापरात यावी. प्रोग्रॅम नुकताच सुरू झालेला असताना घेतलेली चाचणी या दोषापुरती चाचणीच नव्हे.

अलीकडे कंपायलरच्या बाजूनेही बंदोबस्त झाला आहे. न भरलेले लोकल व्हेरिएबल आपण होऊन शून्याने किंवा ठराविक नमुन्याने भरण्याची सोय क्लँगच्या ८ व्या आणि जीसीसीच्या १२ व्या आवृत्तीत आली, वाटली जाणारी मेमरी शून्याने भरून देण्याचा पर्याय लिनक्स कर्नलमध्ये ५.३ पासून आहे, आणि सी++च्या २०२६ च्या मानकासाठी असा निर्णय झाला आहे की, न भरलेले लोकल व्हेरिएबल वाचणे ही चूक राहील, परंतु तिचे परिणाम अनिर्बंध राहणार नाहीत. हे सर्व स्वागतार्ह आहे आणि प्रत्यक्ष वापरात जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला ते लावावे; पण लावताना हे ध्यानी ठेवावे की, त्यामुळे चोरी टळते, हिशेब बरोबर येत नाही. चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये शून्यापेक्षा विचित्र नमुना भरणे केव्हाही इष्ट, कारण तेथे चूक लपणे नव्हे तर उघडी पडणे हवे असते.

या कामात नव्याने पडणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच की, दुसऱ्याचा प्रोग्रॅम तपासताना किंवा स्वतःचा लिहिताना प्रत्येक वाचनापाशी थांबून ‘ही किंमत येथे कोणी लिहिली?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. उत्तरादाखल एका निश्चित ओळीवर, आणि वाटा अनेक असतील तर प्रत्येक वाटेवरील ओळीवर, बोट ठेवता आले पाहिजे. ‘तेथे बहुधा शून्यच असते’ हे उत्तर मिळाले, तर ते कितीही अनुभवी माणसाकडून आलेले असो, प्रोग्रॅम मंजूर करू नये.